पनामा झाला, आता कोरिया

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं आणि मग सगळे खाली बसून पनामा कालव्याची वाट बघतात. गाव डोंगरकडा फाट्याच्या अलीकडचं, पनामाशी त्याचं कसलंही नातं नाही. पण ग्यानबातात्या उठले, की पनामा येतोच.

तात्या गावचे निवृत्त पोस्टमन. खाकी कपडे सुटले, पण खांद्यावरची पिशवी सुटली नाही. तीत आता टपाल नसतं, घडी घातलेला एक कागद असतो. पंधरा ऑगस्टला जगात आणखी काय काय घडलं, त्याची यादी. मी शाळेत नवा होतो तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाले, "तारीख कवाच एकटी येत न्हाई, सर." मला वाटलं, पत्रिका बघत असतील.

यादी ठरलेली. माइक हातात आला की आधी त्याला दोन टिचक्या, मग "नोंद घ्या, मंडळी!" पनामा कालवा याच तारखेला खुला झाला, नोंद घ्या. कोरिया याच तारखेला सुटला, नोंद घ्या. तिकडं आफ्रिकेत काँगो स्वतंत्र झाला तोही याच तारखेला. आणि सगळ्यात मानाची नोंद पिनकोडची! तो सुरू झाला पंधरा ऑगस्टलाच. इथं तात्यांचा आवाज असा चढतो, की ते सहाच्या सहा आकडे जणू त्यांनीच घरोघर नेऊन दिलेत.

एकदा मागून एका शेतकऱ्यानं विचारलं, "तात्या, हा पनामा आपल्या सिद्धेश्वरच्या कालव्याहून मोठा हाय का?"

"लेका, त्याच्यातून जहाजं जातात!"

"मग पाणी दाबून असंल. पाळ्या कशा लावतात?"

तात्यांनी वर्षभर त्याच्याशी अबोला धरला.

गावाचीही ते गय करत नाहीत. "दिल्लीत झेंडा लागला त्या दिवशी आपण निजामात होतो. आपला नंबर तेरा महिन्यांनी लागला. नोंद घ्या!" हे ऐकताना सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा होतो. गंमत म्हणजे आमच्या मुक्तिदिनाला, सतरा सप्टेंबरला, हाच माणूस मागच्या रांगेत गप्प बसलेला असतो. मी एकदा विचारलं, "तात्या, आज यादी नाही?" तर म्हणाले, "ती तारीख माझ्याकडं न्हाई."

यादी मी कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती, हे कबूल करतो. पिनकोड आला की पोरं जिलेबीकडं सरकायला लागतात, आणि रांगा लावायचं काम माझं.

यंदा कळमनुरीहून एक मोठे साहेब आले होते. त्यांना पुढं आणखी एक कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. तात्या कागद घेऊन उठले, तसा मी हळूच म्हणालो, "तात्या, यंदा राहू द्या. साहेबांना घाई आहे."

"पाचच मिनिटं, सर."

"पुढच्या वर्षी नक्की."

"मग नुसती शेवटची नोंद वाचतो."

"तात्या, नका ना."

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. "बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि जिलेबी न घेताच निघून गेले. कार्यक्रम वेळेत संपला. साहेब खूश झाले. पण पोरं मला येऊन विचारत राहिली, "सर, आज पनामा काहून न्हाई?"

साहेबांची गाडी गेल्यावर जिलेबीचा पुडा घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. घर शाळेमागच्या गल्लीत. तात्या ओसरीवर मान खाली घालून बसले होते. आत खिडकीशी, खाटेवर त्यांच्या पत्नी गयाकाकू. कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. आज मात्र अंगावर नवं लुगडं होतं.

"या, सर," काकू म्हणाल्या. "अवंदा भोंगा बिघडला व्हय? साहेबाचं समदं ऐकू आलं. माझं काहून आलं न्हाई?"

मला काही कळेना. तात्या ओशाळले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. आमच्या गावात निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. तात्याही एक जूनचेच. काकू शाळेतच गेल्या नाहीत, त्यामुळं त्यांना तेवढीही तारीख मिळाली नाही. आधार कार्ड काढताना तिथला माणूस म्हणाला, एक जानेवारी टाकतो. तात्या म्हणाले, पंधरा ऑगस्ट टाक.

"जिंदगीभर गावाला टपाल वाटलं, सर. हिच्या नावाचं एक कार्ड कवा आलं न्हाई. म्हटलं, तारीख तरी अशी द्यावी, की साऱ्या देशानं जिलेबी खावी. पण माइकवर एकट्या बायकोचं नाव कसं घेऊ? लोक हसले असते. म्हणून मग पनामा आणला, कोरिया आणला..."

मला माझीच लाज वाटली. भोंगेवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, वायर गुंडाळू नको. तात्यांना म्हटलं, "जा. पूर्ण यादी वाचा." सत्तरीचा माणूस अनवाणीच निघाला. मी काकूंपाशी थांबलो.

थोड्या वेळानं माइकवर दोन टिचक्या ऐकू आल्या. पटांगणात आता झेंडा आणि भोंगेवाला, एवढेच उरले असणार. तरी तात्या म्हणाले, "नोंद घ्या, मंडळी!"

काकू बोटांवर मोजत होत्या. "पनामा झाला. आता कोरिया." कोरिया आला. "आता काँगो." काँगोही आला. पिनकोडला आवाज चढला, तशा त्या हसल्या. "हितं त्यांना दम लागतो बघा."

खरंच भोंगा क्षणभर थांबला. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"आणि शेवटची नोंद. सौभाग्यवती गयाबाई, शाळेमागची गल्ली. जन्म, पंधरा ऑगस्ट."

"पोचलं," काकू म्हणाल्या, आणि पुड्याकडं बोट दाखवलं. "सोडा आता ती जिलेबी."