तांबड्या गल्लीचा नकाशा

सुखदेवगुरुजींवर अन्याय झाला आहे. चौऱ्याहत्तर सालच्या होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, वाशिममधल्या आमच्या गल्लीने त्यांचा नकाशा टराटरा फाडला. फाडणाऱ्यांत माझे वडील पुढे होते. लपवायचं असतं तर मी हे पत्रक कशाला लिहिलं असतं?

गुरुजी भूगोलाचे निवृत्त मास्तर. कोयनेला भूकंप झाला तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा: वाशिम हादरलं तर कोणतं घर आधी खचेल? सकाळीच मुसळ घेऊन निघायचे. आपण चहा पीत असलो तरी सरळ आत येऊन जमिनीवर मुसळ आपटायचे आणि कान लावून आडवे व्हायचे. ढप्प वाजलं की भराव, ठण्ण वाजलं की मुरूम. भरावाला नकाशात तांबडा रंग.

"गुरुजी, लेकरू झोपून राह्यलं," आई म्हणायची.

"झोपू दे, माय. मी त्याच्याच खालची माती पाहून राह्यलो."

रस्त्यात भेटले तरी माणसाची तब्येत विचारायचे नाहीत. "पाया कसा हाये?" एवढंच.

आमची गल्ली बुजवलेल्या तळ्यावर वसलेली, म्हणून नकाशात अख्खी तांबडी. इथवर गंमत होती. पण गुरुजी पडले पद्धतशीर. नकाशातला रंग त्यांनी दारांवरही लावला. त्या रविवारी नामदेवकाकांच्या मुलीला पाहायला शेलूबाजारचे पाहुणे आले आणि तांबडा ठिपका पाहून उंबऱ्यातच थबकले.

"ह्या घरात काय वाईट हाये हो?"

"घरात काई नाई," गुरुजी जाताजाता म्हणाले. "खाली गाळ हाये. गेलं तं पुरं जाईन."

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तासाभरात नकाशाच्या चिंध्या झाल्या. तेव्हापासून गुरुजींच्या घराची पायरी कोणी चढलं नाही.

परवा मी चढलो, "माफी मागून मोकळे व्हा" असं सांगायला. त्यांचं घर टेकाडावर, पक्क्या मुरमावर. आत पाय ठेवायला जागा नाही. ओसरीपासून चुलीपर्यंत नुसत्या बाजा, सगळ्या त्यांनी स्वतः विणलेल्या.

"गुरुजी, एकट्या माणसाले इतक्या बाजा कायले?"

"एकट्याच्या नाईत. हे नामदेवची. ते भिंतीजवळची तुह्या मायची, तिले वारं सोसत नाई. दाराजवळची तुही. जमीन हालली का सारे इकडंच येतीन ना."

मग एका बाजेचा सुंभ ओढत हळूच म्हणाले, "नाई हालली, तं कोण येते?"

माफीचं विसरून मी दाराजवळच्या माझ्या बाजेवर बसलो.

वाचकहो, तुमची सही नको, वर्गणी नको. आज संध्याकाळी टेकाडावर जा. आमच्या गल्लीतले नसाल तर माझ्या बाजेवर बसा. पण जमीन हलायच्या आधी जा.