अड्यारच्या राष्ट्रीय स्की-उडीचा अधिकृत इतिहास

राष्ट्रीय स्की-उडी स्पर्धांचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे सोपवण्यात आलं, त्यामागे वशिला नव्हता, अनुभव होता. मी चेन्नईतल्या एका केंद्रीय कार्यालयात हिंदी अधिकारी आहे. कार्यालयात हिंदीच्या वापरात झालेली प्रगती दर तिमाहीला दिल्लीला कळवणं हे माझं काम. आमच्या कार्यालयात हिंदी मी एकटाच बोलतो, तीसुद्धा फोनवर, दिल्लीशीच. तरीही गेली अनेक वर्षं प्रगती अखंड चालू आहे. जे घडलंच नाही ते तारीखवार, तपशीलवार आणि कोणालाही न दुखावता लिहिणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं, त्यात लाजायचं काय?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायांना लांबलचक पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या उंच घसरगुंडीवरून सुसाट खाली यायचं, टोकाशी आलं की हवेत झेप घ्यायची आणि जमेल तितकं लांब जाऊन दोन्ही पायांवर उतरायचं. चेन्नईत बर्फ उसाच्या रसात आणि मासळीच्या टोपल्यांत मिळतो. मग या खेळाचं राष्ट्रीय मुख्यालय आमच्या अड्यार भागात कसं, असं काही संकुचित माणसं विचारतात. शेतीचा कारभार वातानुकूलित खोलीतून चालतो, तेव्हा ही माणसं कुठे असतात कोण जाणे.

हे सगळं सुरू झालं २००७ साली, आमच्या वरच्या मजल्यावरच्या सबनीसांच्या ऊर्मीमुळे. उमाकांत सबनीस बँकेत अधिकारी, बदलीवर साताऱ्याहून आलेले. त्यांची ऊर्मी बारावीत होती आणि तिला विमानं बनवायची होती. तिने गच्चीवरून सोडलेली कागदी विमानं माझ्या ताटात, वरणात उतरलेली मी पाहिली आहेत. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात विमानाच्या शाखेला मोजक्या जागा. ऊर्मीला चांगले मार्क पडणार होते, पण चांगले मार्क चेन्नईत सगळ्यांनाच पडतात, तीच तर या शहराची पंचाईत आहे. पोरीने त्या धास्तीने जेवण टाकलं होतं. तिची आई शर्मिष्ठा आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोजवळ रडायची.

राहता राहिला खेळाडूंचा कोटा. ऊर्मी शाळेत लांब उडी मारायची, बरी मारायची. पण लांब उडीच्या रांगेत आधीच इतकी मुलं उभी होती की रांगच उडीपेक्षा लांब झाली होती.

तेव्हा उमाकांतरावांना गुरुराज भेटले. गुरुराज तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी राजाबरोबर तिकडे गेले आणि परत यायचं राहून गेलं. त्यांची मराठी ऐकली की जुनी बखर तमिळ चालीत वाचल्यासारखं वाटतं; 'सगळे'ला ते 'अस्कि' म्हणतात. ते तीन क्रीडा महासंघांचे सरचिटणीस होते आणि तिन्हींच्या बैठका त्यांच्या एकाच सोफ्यावर व्हायच्या.

"काळजी करु नकांत, सार," गुरुराज म्हणाले. "कोट्यात अस्कि खेळ अहांत. क्रिकेट, कबड्डी, कॅरम, अस्कि. कोणी तरी परदेशातली यादी जशीच्या तशी उतरवलांत. त्यांत स्की-उडी म्हणून एक अहे. एकही पोर अर्ज करत नाही."

"पण आपल्याकडे बर्फ?"

"अय्यो! नियमांत बर्फ कोण्ट अहे? नियम एवढाच, मागल्या पाच वर्षांचा राष्ट्रीय स्पर्धांचा इतिहास पाहिजे. स्पर्धा नाही हो, इतिहास!"

आणि असा मी या खेळात उतरलो. महासंघाची स्थापना झाली रविवारी सकाळी, इडली-सांबार झाल्यावर. सोमवारी मी मागल्या पाच वर्षांच्या स्पर्धा लिहून काढल्या. माझी पद्धत सचोटीची आहे, मी कधीही थेट खोटं लिहीत नाही. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 'हवामानाच्या कारणास्तव पुढे ढकलण्यात आली', असं मी लिहिलं. चेन्नईचं हवामान पाहता यात चूक काढून दाखवा. दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवीही त्याच कारणास्तव पुढे ढकलली. पुढे ढकललेली स्पर्धा म्हणजे रद्द झालेली स्पर्धा नव्हे, हे सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

प्रश्न निकालाचा होता. उड्या न मारता पहिला कोण, दुसरा कोण? यावर उपाय सरकारने कधीचाच काढून ठेवला आहे: ज्येष्ठता. काम न पाहता बढती देता येते, तर उडी न पाहता पदक का देता येऊ नये? महासंघाचं सभासदत्व सगळ्यांचं एकाच रविवारचं, म्हणून जन्मतारीख धरली. ऊर्मी सर्वांत मोठी, ती पाचही वर्षं पहिली. शेजारच्या इमारतीतला अद्वय तिच्याहून थोडा लहान, तो पाचही वर्षं दुसरा. अद्वयची आई विद्युलता यावर जाम चिडली. "माझं बाळंतपण दोन आठवडे लांबलं, त्याची शिक्षा पोराला?" असं तिने भर जिन्यात विचारलं. तिची समजूत घालताना गुरुराजांचा घसा बसला.

या महासंघाने गुप्तता पाळायची ठरवली होती, पण बारावीच्या पालकांपुढे गुप्तता कसली टिकते? महिन्याभरात सगळं अड्यार आलं. मग बाकीचं शहर आलं. गुरुराजांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला. प्रत्येकाला पदक हवं, आणि ज्येष्ठतेने तर पदकं तिघांनाच. तेव्हा आम्ही प्रकार वाढवले. मोठ्या टेकडीवरून उडी, छोट्या टेकडीवरून उडी, टेकडीविना उडी, सांघिक उडी, मिश्र दुहेरी उडी आणि शाकाहारी गट. मैलापूरच्या एका आजोबांनी नातवासाठी 'उडी मारण्याची मानसिक तयारी' हा प्रकार सुचवला. तोही आम्ही घेतला, आणि खरं सांगतो, सगळ्या प्रकारांत प्रामाणिक तेवढाच होता.

इथे माझ्यातला इतिहासकार जागा झाला. नुसते क्रमांक कोरडे वाटत होते. परदेशातले लोक शंभर मीटरच्याही पुढे जातात, असं एका मासिकात वाचलं होतं. आपण नम्र असावं, म्हणून ऊर्मीच्या नावापुढे मी प्रत्येक वर्षी ब्याण्णव मीटर लिहिले. बाकीच्यांच्या नावापुढे काही लिहायचा कंटाळा आला, तिथे 'अंतर विचाराधीन' असं टाकलं. ऊर्मी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर, तिला चांगलं काहीतरी द्यावं एवढाच माझा हेतू होता. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

२००८च्या मे महिन्यात, एकाच पिन कोडात इतके राष्ट्रीय विजेते पाहून, प्रवेश समितीने एकसदस्यीय तपासणी मंडळ पाठवलं. मंडळाचं नाव त्रिपुरसुंदरी. बारीक चणीची बाई, केसांत मोगरा, हातात मोजपट्टी. बाईंनी माझा इतिहास सोफ्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. माझं लिखाण कोणीतरी पूर्ण वाचण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मला जरा भरूनच आलं.

"छान लिहिलंय," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "सहावी स्पर्धा माझ्यासमोर घ्या. पुढच्या रविवारी."

"पण मॅडम, बर्फ..." गुरुराजांच्या तोंडून निघून गेलं.

"बर्फ? नियमात बर्फ कुठे आहे?" बाई म्हणाल्या. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना गुरुराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

जागा ठरली चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्याची, कारण तिथे वाळूचा उंचवटा होता. कोळ्यांकडून फळ्या आणि वासे घेऊन घसरगुंडी उभी केली. बर्फाची सोय अद्वयच्या वडिलांनी केली. ते श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात होते, आणि तिथे टीव्हीच्या खोक्यांतलं थर्माकोल डोंगरासारखं साठायचं. कामगारांच्या बसमध्ये ठासून भरलेलं थर्माकोल कोवलमला आलं आणि आम्ही ते चुरडून पसरलं. कोवलमला हिमवर्षाव झाला. समुद्रावरून वारा आला तशी अर्धा हिमवर्षाव मासळी बाजारात गेला आणि कोळणींनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

स्पर्धेच्या सकाळी शहरातले राष्ट्रीय पातळीचे सगळे खेळाडू आजारी पडले. सगळ्यांचा डावा गुडघा दुखत होता आणि सगळे एकाच डॉक्टरांकडे गेले होते. पालक मात्र ठणठणीत होते. ते डॉक्टरांचे दाखले घेऊन छत्र्या उघडून वाळूत ओळीने उभे राहिले.

"वैद्यकीय कारणाने गैरहजर असलेल्याचा आधीचा क्रमांक अबाधित राहतो," असं म्हणत बाईंनी दाखले ठेवून घेतले. "विजेती कुठे आहे?"

उमाकांतरावांच्या खिशातही ऊर्मीच्या गुडघ्याचा दाखला होता. ते तो काढणार, तेवढ्यात ऊर्मीने त्यांचा हात धरला.

"बाबा, राहू दे तो. मी पाच वर्षं राष्ट्रीय विजेती आहे. एकदा तरी उडी मारते ना!"

"अगं, पडशील! तंगडं मोडून घेशील! जागेचं काय?"

"जागा हवीच आहे. पण मला उडायचंय, बाबा. त्यासाठीच तर जागा हवी होती."

उमाकांतराव माझ्याकडे बघायला लागले. मी समुद्राकडे पाहिलं. शर्मिष्ठावहिनींनी पोरीच्या पायांना सुताराने बनवलेल्या पट्ट्या करकचून बांधल्या आणि म्हणाल्या, "जा गं तू."

आणि ती गेली. फळ्या करकरल्या, पांढऱ्या चुऱ्याचा लोट उठला, आणि टोकाशी आल्यावर पोरीने अशी झेप घेतली की माझ्या अंगावर काटा आला. क्षणभर ती हवेत होती. खरोखरची हवेत होती हो! मग दोन्ही पायांवर उतरली, लटपटली, बसली, आणि केसांत, भुवयांत, नाकात थर्माकोल घेऊन मोठ्याने हसायला लागली. कोळ्यांची पोरं शिट्ट्या मारत धावली. मी टाळ्या वाजवल्या. कित्येक महिने धड न जेवलेली पोर म्हणाली, "आई, भूक लागली."

त्रिपुरसुंदरीबाई स्वतः मोजपट्टी घेऊन वाळूत वाकल्या. उठल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"इतकी वर्षं कोट्याचं काम करते," त्या म्हणाल्या. "कोट्यातला खेळाडू खेळताना आज पहिल्यांदा पाहिला. सहा मीटर दहा. फार छान, कण्णा." त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि माझा इतिहास उघडला. "पण गेल्या वर्षी ब्याण्णव मीटर. खेळाडूची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली तर तो पात्र राहत नाही. मला फार वाईट वाटतं."

"आणि बाकीचे?" उमाकांतरावांनी विचारलं.

"त्यांचं अंतर विचाराधीन आहे. विचाराधीन अंतरात घसरण सिद्ध करता येत नाही."

"अहो मॅडम, ते ब्याण्णव खोटे आहेत! पोरीने आज उडी मारली तेवढीच खरी!"

सगळ्या छत्र्या उमाकांतरावांकडे वळल्या.

"खोटे?" बाईंनी विचारलं. "मग पाचही स्पर्धा खोट्या? मग तुमच्या मुलीची पाच सुवर्णपदकंही बनावट, आणि बनावट पदक दाखवणाऱ्याला कुठल्याच सरकारी कॉलेजात प्रवेश नाही. तसं लिहू का?"

"सारांना ऊन लागलंय," गुरुराज घाईघाईने म्हणाले. विद्युलताबाईंनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली. एवढ्या प्रेमाने त्या सबनीसांशी यापूर्वी कधी वागल्या नव्हत्या. उमाकांतरावांनी पोरीकडे पाहिलं, छत्र्यांकडे पाहिलं, पाणी घेतलं आणि म्हणाले, "हो. ऊनच लागलं." त्या माणसाचा तो चेहरा आठवला की अजून मला जेवण गोड लागत नाही.

कोट्यातली विमानाची ती जागा दुसऱ्या क्रमांकाच्या अद्वयला मिळाली. त्याला विमानात काडीचा रस नव्हता. कोट्यातली जागा हाती आल्यावर त्याने शाखा बदलून कॉम्प्युटर घेतलं, आणि विमानाची ती जागा वर्षभर रिकामी राहिली. ऊर्मी बीएस्सीला गेली. रविवारी बस पकडून ती एकटीच कोवलमला जाते आणि त्या फळ्यांवरून उड्या मारते. मध्यंतरी ती माझ्याकडे आली होती.

"काका, तुमच्या इतिहासात माझे ते सहा मीटर घ्याल का? फक्त तेवढंच."

मला तिच्या डोळ्यांत बघवेना. म्हटलं, "बाळा, तुझ्यासाठी जीव देईन, पण ते नको मागू. एक खरी उडी आत शिरली की बाकी सगळ्यांची चौकशी लागते. शंभर घरांचा प्रश्न आहे." ती मान हलवून जिना चढून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

या इतिहासामागची गोष्ट चार लोकांत फुटल्यापासून मला फोन येतात. मराठी माणसाला चीड फार लवकर येते, आणि ती यायलाच हवी. कोणी मला निर्लज्ज म्हणतो, कोणी म्हणतो की तुमच्यासारख्यांनीच देश बुडवला. मी शांतपणे ऐकून घेतो, कारण मला ठाऊक असतं की फोन अजून संपलेला नाही. चांगलं झापून झाल्यावर पलीकडचा सद्गृहस्थ थांबतो, खोलीचं दार लावल्याचा आवाज येतो, आणि मग तो हळूच विचारतो, "आमची चारुलता आत्ता सातवीत आहे. आत्तापासून नाव घातलं तर ज्येष्ठता लागेल ना?"

मी सांगतो, लागेल. फक्त तिला उडी मारू देऊ नका.