अक्कांच्या वजनाचं पोतं

आमच्या पिंप्राळ्यातले मधुनाना कुणाच्याही गाडीपाशी थांबले की आधी तिचा टायर अंगठ्याने दाबतात, मग मालकाला नमस्कार करतात. एका बारशाला दारातल्या सगळ्या दुचाकी दाबून झाल्यावरच ते पाळण्यापाशी पोचले. "हवा कमी शे," असं त्यांनी बाळाच्या बापाच्या कानात सांगितलं. तो बिचारा घाबरून बाळाकडे पाहू लागला.

नानांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली. "आधी मोजू, मग बोलू," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर त्यांनी एक बुटकी, लांबलचक क्रूझर मोटरसायकल घेतली. तिच्यावर पाय पुढे पसरून बसले की ते दाढीला बसलेल्या संस्थानिकासारखे दिसत. मागे अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी. मला तो सगळा थाटच वाटायचा.

गेल्या वर्षी पाचोऱ्याच्या रस्त्यावर एका वळणाला गाडी खडीवरून घसरली. नाना खरचटण्यावर सुटले, अक्कांचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण अक्का पुन्हा मागे बसल्या नाहीत. बाजाराला रिक्षा, माहेरी शिरपूरला एसटी. नाना मोटरसायकलवरून त्या एसटीच्या मागे मागे जायचे.

नानांनी दोष शोधून काढला: टायर अरुंद आहे. रुंद टायर रस्ता धरील, आणि भाचीच्या लग्नाला अक्का मागे बसून शिरपूरला येतील. लग्न पंधरा दिवसांवर होतं. नानांची झोप उडाली होती.

"नाना, रिम जुनीच आणि टायर दोन नंबर मोठा," मेकॅनिक सलीमभाई म्हणाले. "बसंल तो. पण चालंल का, ते नका विचारू."

"मी मोजलंय भो."

मोजलं होतं खरंच. चार पानं आकृत्या काढून. फक्त गाडी स्टँडवर असताना, वर कुणी बसलेलं नसताना. मोकळ्या जमिनी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही सवय लागायचीच.

टायर बसला. नाना एकटे फिरले, गाडी झकास चालली. पण घरी आल्यावर चेहरा उतरलेला. "अक्काचं वजन पडल्यावर काय?" त्यांनी मला विचारलं. मग डॉक्टरांच्या कागदावरून अक्कांचं वजन काढलं, गिरणीच्या काट्यावर तेवढा गहू तोलला आणि पोतं मागच्या सीटवर दोरीने बांधलं. पोत्यावर केळ्यांची पिशवीही अडकवली, कारण अक्का रिकाम्या हाताने कुठे जात नाहीत.

पहिल्याच गतिरोधकावर खर्रर्र आवाज आला. टायर मडगार्डला घासत होता. रबर जळाल्याचा वास गल्लीभर पसरला.

ओट्यावरून अक्का म्हणाल्या, "त्या पोत्यालेच लई जा शिरपूरले!"

सलीमभाई जुना टायर परत चढवत असताना नाना बाकावर माझ्या शेजारी बसले होते. मी समजूत काढली, "अहो नाना, खडीच होती तिथे. टायर तरी काय करणार?"

"खडी मला दिसली असती," नाना म्हणाले. "तिचा हात खांद्यावरून सुटला. पदर खोचत होती. मला वाटलं पडली, म्हणून मी मागे वळलो."

"हे अक्कांना सांगितलंत?"

"काय सांगू? तिला पाहायला वळलो आणि तिलाच पाडलं?" उतरवलेला रुंद टायर अंगठ्याने दाबत म्हणाले, "टायर निदान मोजता तरी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला पंच म्हणून सोबत घेऊन अक्कांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माले तवाच ठाऊक व्हतं."

मेथी निवडून झाली. अक्का उठल्या, हात पुसले आणि नानांनी गाडी काढल्यावर त्यांच्या खांद्यावर एक हात ठेवून मागे बसल्या. "गल्लीच्या टोकालोंग," त्यांनी बजावलं. "आनि पुढे दखा."

नाना माणसाच्या चालीने निघाले. मी बाजूने चालत होतो. त्यांची मान इतकी ताठ, की कुणी प्लास्टर घातलंय असं वाटावं.

"बसलीस ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

"बसनू."

पाच पावलांवर पुन्हा, "बसलीस ना?"

"बसनू ना!"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अक्कांनी दुसराही हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.