न बुडणाऱ्या गुप्तहेराचं प्रकरण

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक... नाकाबद्दल बायकोचं मत वेगळं आहे, ते सोडा. आमच्या इमारतीतल्या हरवलेल्या चपला, पळालेली मांजरं, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळ्यांचा छडा मीच लावला. मांजरं आपणहून परत आली, हा त्यांच्या स्वभावाचा भाग.

असा मी सुट्टीत बायकोसोबत एका बेटावर पाणबुड्यांची विद्या शिकायला आलो, आणि माझ्याविरुद्धच कट शिजला. मला कुणीतरी बुडू देत नव्हतं.

पाठीला हवेची टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा. एवढ्यावर सगळे खाली जात. माझ्या बरोबरीने शिकणारा दंतवैद्य तर दगडासारखा तळ गाठायचा. मी मात्र बुचासारखा वर.

"अजून शिसं घ्या, काका," मास्तर म्हणाले. घेतलं. तरीही वर.

प्रकरण गंभीर होतं, ते बायकोमुळे. लहानपणी विहिरीत वाकून बघताना तिला वाटायचं, तळाशी कुणीतरी राहतं. पण गुडघाभर पाण्यापलीकडे तिला कुणी जाऊच दिलं नाही. आता केस पिकल्यावर ती मासोळीसारखी तरबेज झाली होती. उद्या खोल समुद्रात जाणारी शेवटची नाव. नियम असा, की जोडीदाराशिवाय खाली उतरायचं नाही.

"वहिनी, तुम्ही आमच्याबरोबर चला की," दंतवैद्य म्हणाला.

"नको भाऊ. जन्मभर यांच्या मागून चालले. एकदा यांच्या बरोबरीनं बुडायचंय."

आता छडा लावणं भाग होतं.

पहिला संशय वजनांवर. शिसं नसून रंगवलेलं लाकूड असणार! खात्री करायला एक वजन पायावर सोडून पाहिलं. शिसंच होतं. अंगठा अजून साक्ष देतो.

दुसरा संशय पोहण्याच्या रबरी पोशाखावर. "मास्तर, हा मुद्दाम तरंगणारा दिलाय मला!"

"सगळ्यांचेच तरंगतात. म्हणून तर शिसं."

उरला दंतवैद्य. जो इतका सहज बुडतो, तो कुणाच्या तरी वजनावर बुडत असणार. मी त्याचा पट्टा चाचपू लागलो.

"अहो, गुदगुल्या होतात!"

"गुन्हेगाराला होतातच," मी म्हणालो.

"पुरे झालं," काठावर बसलेली बायको उठली. "चला पाण्यात. मला बघू दे."

आम्ही उथळ पाण्यात उतरलो. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि टक लावून माझ्याकडे पाहत राहिली. मी थोडा वेळ तळाशी होतो. मग एक नवा संशय सुचला, आणि मी वर.

तीही वर आली, खो-खो हसत. "मास्तर, सापडला चोर! यांना काही सुचलं की हे छाती भरून श्वास घेतात, बोट वर करतात, मग 'याचा अर्थ असा' म्हणत तो सोडतात. घरात चालतं ते. पाण्यात बोलायची सोय नाही. तो शोध बसतो छातीत कोंडून, आणि हे फुग्यासारखे वर!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "काका, श्वास रोखायचा नाही, हे मी रोज ओरडून सांगतोय."

"रोखत नव्हतो. विचार करत होतो."

"मग विचार गुणगुणा," बायको म्हणाली. "नळी तोंडात असली तरी गुणगुणता येतं. गुणगुणलं की श्वास सुटतोच." आणि तिथेच तिनं ओळी जुळवल्या:

निळ्या पाण्याच्या गं तळी
मासोळीचं बाई घर,
श्वास सोडला तो गेला
हात माझा हाती धर.

दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून, तीच ओवी नाकातोंडातून घुमवत मी खाली उतरलो. गुणगुणण्याचे बुडबुडे वर निघाले, आम्ही खाली. तळाशी ऊन पाझरत होतं. एक म्हातारं कासव गवत चघळत बसलं होतं. कुणीतरी राहत होतं तर! काचेमागे बायकोचे डोळे विहिरीत वाकणाऱ्या पोरीचे झाले.

तेवढ्यात मला कासवाच्या पाठीवर ओरखडा दिसला. घातपात! मी छाती भरली, बोट वर केलं, आणि पाय तळावरून सुटले. बायकोनं कासवावरची नजर न हलवता माझा घोटा पकडला आणि मला खाली बसवलं. मी मुकाट गुणगुणू लागलो. कासवाने आम्हाला पाहिलं, आणि चघळत राहिलं.

नावेवर दंतवैद्याने डोळा मारला. "काय गुप्तहेर, कुणी लावला मग छडा?"

इथे हवा भरपूर होती, बोलायची बंदी नव्हती. मी छाती भरून श्वास घेतला. बोट वर केलं.

ओले केस पिळता पिळता बायकोनं नुसतं पाहिलं.

मी तिच्याकडे बोट केलं आणि श्वास सोडून दिला.