ओतिलियाबाईंचा फिरता भोपळा

ज्याने मनुष्यमात्रास दोन पाय दिले त्या जगन्नियंत्यास दंडवत घालोन वर्तमान लिहितो ऐसे जे: शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, चैत्रमासी उत्तरेच्या थंड राज्यात ओतिलियाबाई, वय सत्तर, मूळच्या दक्षिणेकडील उष्ण मुलुखाच्या, पुत्र रुबेन याजकडे राहावयास आल्या होत्या. तो बाईंचे रक्तात साखर माजली. वैद्य बोलिले, "रोज दोन घटका चालावे. तीन मासांत साखर न उतरली तर पायांवर बेतेल." बाईंच्या मातोश्रींचा उजवा पाय याच साखरेने नेला होता.

परंतु बाईंच्या मुलुखी रीत ऐसी की, पाऊल उचलावे ते कामासाठीच. उगाच हिंडेल तो रिकामटेकडा. "कोणी पुसले, बाई कुठे निघालीस, तर काय सांगू? पाय हलवावयास?" ऐसे म्हणोन रुसोन बसल्या, आणि मग भय अनावर जाहले तेव्हा पिशवी घेऊन स्वारी बाजारास निघाली, आणि रिकाम्या पिशवीने परतणे ही नाचक्की, म्हणोन देशबांधवाच्या भट्टीतून रोज गोड पाव आणिला, आणि आणिलेला टाकावा कैसा, म्हणोन खाल्ला. मासाअखेर वैद्यांनी पाहिले तो साखर उतरण्याऐवजी गड चढोन बसलेली! रुबेन हात जोडोन म्हणाला, "मातोश्री, आपण चालावयास जाता की रोग आणावयास?" बाई ते दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हा पाव कोसावरील ग्रासिएलाबाई, त्याच मुलुखीच्या, समाचारास आल्या. पाहुणीस रिते हाती कैसे धाडावे, म्हणोन ओतिलियाबाईंनी घरातला भोपळा दिला आणि रीतीप्रमाणे घरापर्यंत पोचविण्यास गेल्या. दुसरे दिवशी ग्रासिएलाबाई भोपळ्यासह हजर. "अगो, मी एकटी, एवढा मोठा काय करू? तूच ठेव." "दिलेले परत घेऊ? आमच्या घराण्यात घडले नाही!" ऐसा तंटा होऊन भोपळा ओतिलियाबाईंकडेच राहिला, परंतु त्यांस झोप येईना, आणि उजाडताच पुन्हा नेऊन दिला. मग रोज हेच. एकीने आणावा, दुसरीने पोचवावयास जावे, आणि दोघींची भांडणे व हसणे साऱ्या वाटेने चालावे. पिशवीत भोपळा, त्यामुळे पावास जागा उरली नाही.

आषाढात वैद्यांनी पुन्हा रक्त पाहिले आणि मान डोलावोन बोलिले, "उतरली. पायांस भय नाही." बाई ओक्साबोक्शी रडल्या आणि रडता रडता दोन्ही पावले चाचपोन पाहिली. रुबेनाने आनंदे सुरी काढिली, की आज भोपळ्याचे सार करू. बाईंनी झडप घालोन भोपळा पोटाशी धरिला. "खबरदार! उद्या मी कुठल्या कामाने बाहेर पडू?"

तात्पर्य, पाय राहिले, भोपळाही राहिला. येणेप्रमाणे घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.