मागचं दार आणि सागाचं पान

एका जंगलात, मुलांनो, एक फार शिकलेला साळिंदर राहत होता. त्याचं नाव विद्याधरपंत. तो इतका शिकलेला होता की कुठलीही गोष्ट त्याला एकदम पटत नसे. सूर्य उगवला तरी तो बिळाच्या तोंडाशी उभा राहून म्हणे, "उगवलाय असं दिसतंय खरं."

साळिंदराच्या अंगावर काटे असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. इतर साळिंदरं काटे उगारून बिबट्याला घाबरवतात. विद्याधरपंत स्वतःच घाबरलेले असत, म्हणून त्यांनी काट्यांचा दुसरा उपयोग शोधला होता. ते एक काटा उपटत आणि सागाच्या पानावर कामं लिहीत.

लिहायची पद्धत अगदी सोपी होती. एका ओळीत एक काम. कामाच्या आधी एक छोटा चौकोन. काम झालं की चौकोनात बरोबरची खूण करायची. बस. ही पद्धत सुगरण पक्ष्याने काढली होती. जंगलात सगळे त्याला विणकर म्हणत. ससे, घोरपडी, मुंगुसं, सगळे सागाच्या पानावर लिहायला लागले. पान ज्याचं त्याला वाचता येई, आणि दुसऱ्यालाही येई. कुणाची काही तक्रार नव्हती.

विणकराला हेच खटकलं.

विणकर हा पक्षी कसा असतो, पाहिलंय का तुम्ही? तो खोपा विणायला घेतो. अर्धा झाला की त्याला त्याहून चांगला खोपा सुचतो. मग पहिला तसाच लटकत ठेवून तो दुसरा विणायला घेतो. ओढ्यावरच्या त्याच्या बाभळीला असे पुष्कळ अर्धे खोपे लटकत होते. राहायला एकही नव्हता. तो स्वतः फांदीवर झोपे.

तर विणकराने पानात सुधारणा सुरू केल्या. दर अमावास्येला तो बाभळीवरून पुकारा करी आणि खाली पान वापरणारे सगळे जमत. त्यांना तो सदस्य म्हणे.

पहिल्यांदा घडी आली. मोठ्या कामाखाली पोटकामं लिहायची आणि पानाला घडी घालून ती झाकून टाकायची, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. विद्याधरपंतांना ही कल्पना अतिशय आवडली. पण घडीत काय झाकलंय या काळजीने ते दिवसभर घड्या उलगडून पाहत.

मग रंग आले. तातडीच्या कामाला पळसाच्या फुलाचा केशरी, सावकाशीच्या कामाला जांभळाचा जांभळा. पंतांनी सगळी कामं केशरी केली. कुठल्या कामाला सावकाश म्हणावं, एवढं धाडस त्यांच्यात नव्हतं.

मग मुंगळे आले. ही मोठी सुधारणा होती. रोज सकाळी मुंगळ्यांची रांग प्रत्येकाच्या पानावरून फिरे, कामं क्रमाने लावी, ज्याची मुदत जवळ आली किंवा टळली त्याच्याभोवती पळसाचा रंग दाट फासून जाई. सदस्याने काहीच करायचं नाही. फक्त कामं करायची.

आणि मग चौकोनाचा गोल झाला.

"का?" सशाने विचारलं.

"गोलाला कोपरे नसतात," विणकर म्हणाला. "मुंगळ्यांचे पाय कोपऱ्यात अडकायचे."

"मग आमची जुनी चौकोनवाली पानं?"

"ती मुंगळे वाचणार नाहीत. सावकाश नव्या वळणावर आणून घ्या. अवघड काही नाही, नुसतं पुन्हा लिहायचं."

सशाकडे एकच जुनं पान होतं. ते त्याने तिथल्या तिथे खाल्लं आणि मोकळा झाला. विद्याधरपंतांकडे आयुष्यभराची पानं होती. एकही टाकलं नव्हतं, कारण टाकलं आणि नेमकं तेच लागलं तर? त्यांनी सगळी पानं बिळाच्या मागच्या बोळात रचली आणि नव्या पानावर केशरी रंगात लिहिलं, 'जुनी पानं नव्या वळणावर आणणे'.

आता मागच्या बोळाबद्दल सांगायला हवं. साळिंदराच्या बिळाला दोन दारं असतात. पुढचं येण्याजाण्याचं आणि मागचं पळून जाण्याचं. पुढचं दार बायकोने राखायचं आणि मागचं नवऱ्याने, अशी साळिंदरांची चाल आहे. पंतांच्या बिळाचं मागचं दार मातीने बुजलं होतं. ते उकरायला हवं होतं, आणि तेही मोह फुलायच्या आत. कारण मोहाची फुलं खाली पडायला लागली की माणसं ती वेचायला येतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. कधीकधी तो पाचोळा ऐकत नाही आणि सगळ्या जंगलभर वणवा होऊन फिरतो. अशा वेळी एकाच दाराच्या बिळात बसणं म्हणजे काय, ते पंतांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचे काका त्यातच गेले होते.

म्हणून पंतांनी सगळ्यात वर लिहिलं होतं, 'मागचं दार उकरणे. मुदत : मोह फुलायच्या आत.'

त्यांच्या पत्नीचं नाव सुशीलाबाई. त्यांना लिहितावाचता येत होतं, पण त्याचं त्यांना कौतुक नव्हतं.

"अहो, ते दार," त्या म्हणाल्या.

"लिहिलंय."

"लिहिलंय ते दिसतंय मला. उकरलंय का?"

"उकरणं हे त्यातलं शेवटचं पोटकाम आहे," पंतांनी घडी उलगडून दाखवली. "त्याआधी माती कोरडी की ओली ते पाहणे. नखांची स्थिती पाहणे. जुनं दार होतं तिथेच नवं असावं का, यावर विचार करणे."

"मग विचार झाला?"

"तो जुन्या पानांवर आहे. ती अजून नव्या वळणावर आणायचीत."

"आणि ती पानं कुठे आहेत?"

पंतांनी घडी पुन्हा मिटली. "दारासमोर," ते म्हणाले.

"मी बाजूला करते."

"नको, हात लावू नकोस. क्रम बिघडेल."

सुशीलाबाईंनी एक कंद सोलायला घेतला. त्यांनी तो जरा जास्तच सोलला.

दिवस जात राहिले. मोहाच्या झाडाला कळ्या धरल्या. विद्याधरपंतांचं पान रोज सकाळी जास्त केशरी होत गेलं. मुंगळे आपलं काम चोख करत होते. पंतांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी ते अमावास्येच्या सभेला गेले आणि सगळ्यांदेखत उठून उभे राहिले. त्यांच्या काट्यांचा खुळखुळ आवाज येत होता.

"माझी एक अडचण आहे," ते म्हणाले. "म्हणजे कदाचित फक्त माझीच असेल. सकाळी उठावं तर पान केशरी. छातीत धस्स होतं हो."

"म्हणजे केशरी रंगाचा त्रास होतोय," विणकर म्हणाला.

"रंगाचा नाही. राहिलेल्या कामाचा."

"पंत, रंग आम्ही बदलू शकतो. काम तुमच्याकडे आहे."

"ते खरं आहे," पंत म्हणाले आणि खाली बसले. मग पुन्हा उठले. "पण काहीतरी करा."

विणकराने मान वाकडी करून थोडा विचार केला. सदस्याचं दुःख त्याला खरोखर पाहवत नसे. तो वाईट पक्षी नव्हता, मुलांनो. त्याला फक्त हात रिकामे ठेवता येत नव्हते.

पुढच्या अमावास्येला त्याने सुधारणांची मोठी माळ वाचून दाखवली. शेवटची सुधारणा अशी होती : 'मुदत टळलेलं काम यापुढे झालं असं धरून मुंगळे त्यावर बरोबरची खूण करतील आणि रंग पुसतील. सदस्यांच्या मनःशांतीसाठी. सूचना : विद्याधरपंत.' पण ती वाचेपर्यंत सभा पांगली होती, आणि पंत तर आलेच नव्हते. ते घरी जुन्या पानांवरचे चौकोन मोजत बसले होते.

मोह फुलला. त्याचा गोड वास बिळापर्यंत आला. पंत दबकत दबकत पानाशी गेले. एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं.

पान स्वच्छ होतं. कुठेही केशरी नाही. 'मागचं दार उकरणे' याच्या आधीच्या गोलात बरोबरची सुबक खूण होती.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मागच्या बोळात जाऊन पाहिलं असतं. पण तुम्ही अजून तेवढे शिकलेले नाही. विद्याधरपंत बसले आणि विचार करू लागले. दार उकरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणजे झालंच नाही, असं कसं म्हणावं? परवा चष्मा नाकावर ठेवून त्यांनी तोच शोधला होता. पान कशाला खोटं बोलेल? आपणच विसरलो असू. शिवाय आज सकाळपासून कंबर दुखत होती. दार उकरल्याशिवाय का कुणाची कंबर दुखते?

"दार झालं," त्यांनी सुशीलाबाईंना सांगितलं.

"कधी?"

"ते पाहावं लागेल. पण खूण आहे."

"बाहेर मातीचा ढीग नाही दिसला मला."

"ढिगाचं काम लिहिलं नव्हतं," पंत म्हणाले. त्यांना स्वतःलाच हे उत्तर फार समर्पक वाटलं.

सुशीलाबाई बोळाच्या तोंडाशी जाऊन आल्या. त्यांना पानांची रास दिसली. रासेपलीकडचं दिसलं नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस कुठेतरी विश्वास ठेवतो, साळिंदरही ठेवतं. त्यांनी ठेवला. त्या दिवशी पंत बऱ्याच काळाने पोटभर जेवले.

वणवा दुपारी आला.

आधी सागाचा पाचोळा कडकड वाजायला लागला. मग ससा बिळावरून उडी मारून गेला आणि जाताना "पळा" एवढंच म्हणाला. मग पुढच्या दारातून धूर आत आला, जाड आणि गरम.

"मागे चला," सुशीलाबाई म्हणाल्या.

दोघं मागच्या बोळात धावले. त्यांनी पानांची रास उपसली, तुडवली, तिच्यावरून पलीकडे गेले. पलीकडे माती होती. नुसती माती.

विद्याधरपंतांनी मातीकडे पाहिलं. "पण खूण आहे," ते म्हणाले.

"मग त्या खुणेतून बाहेर पडा," सुशीलाबाई म्हणाल्या.

धूर जवळ येत होता. पंतांना काका आठवले. ते दर वर्षी मोहाच्या दिवसांत आठवत, पण आज ते अगदी शेजारी बसल्यासारखे वाटले. आणि मग, मुलांनो, पंतांच्या पुढच्या पायांनी पंतांना न विचारता मातीत नखं घातली.

माती कोरडी की ओली ते त्यांनी पाहिलं नाही. सुशीलाबाई मागे उभ्या राहून ती सगळी पानं पुढच्या दाराच्या बाजूला लोटत होत्या. रास बोळात दडपून बसली आणि धूर क्षणभर अडला. पंत उकरत होते. माती त्यांच्या तोंडात, डोळ्यांत, काट्यांत जात होती. भिण्याचं काम मध्येच अर्धवट राहिलं, कारण समोर एकदम उजेड दिसला. दार झालं होतं.

दोघं ओढ्याच्या उघड्या कातळावर येऊन पडले. तिथे जळण्यासारखं काही नव्हतं. मागे वळून पाहिलं तर दारातून धुराचा सरळ, शांत लोट वर जात होता. पंतांचं आयुष्यभराचं नियोजन जळत होतं.

आपल्याला वाईट वाटायला हवं, असं पंतांच्या मनात आलं. त्यांनी थोडा प्रयत्न करून पाहिला. पण त्यांना फार हलकं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"केवढंसं काम होतं," सुशीलाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"हो," पंत म्हणाले. "लिहिलं तेव्हा मोठं होतं."

वणवा ओढ्याशी येऊन विझला. बाभूळ पाण्यावर होती, ती वाचली. विणकर उडत आला. त्याच्या चोचीत अजून गवताची काडी होती.

"पंत, सुखरूप आहात ना? बरं झालं. अहो, पण त्या जुन्या पानांचं काय केलंत?"

"जळाली."

"सगळी? एकदम?" विणकराचे डोळे चमकले. "नव्या वळणावर न आणता?"

पुढच्या अमावास्येला बाभळीवरून पुकारा झाला. 'नवी सोय : सगळी जुनी पानं एका दमात निकाली काढणे. सूचना : विद्याधरपंत.'

"आग कुठून आणायची?" सशाने विचारलं.

"ती तुमच्याकडे," विणकर म्हणाला.

या सभेलाही विद्याधरपंत गेले नव्हते. ते नव्या बिळाच्या दाराशी बसले होते. या बिळाला दोन्ही दारं होती. पुढचं सुशीलाबाईंनी उकरलं होतं, आणि मागचंही त्यांनीच. चाल मोडली म्हणून साळिंदरांत थोडी कुजबुज झाली, ती त्यांनी ऐकली नाही.

समोर करंजाचं एक कोवळं पान पडलं होतं. लहानसंच. फार तर दोन ओळी मावतील एवढं. पंतांनी इकडेतिकडे पाहिलं. हळूच एक काटा उपटला. लिहिलं, 'मागचं दार उकरणे'. आधी गोल काढावा की चौकोन, यात थोडा वेळ गेला. मग त्यांनी चौकोनात गोल काढला आणि त्यात बरोबरची खूण केली. इतकी सुंदर खूण त्यांना कधी जमली नव्हती.

"अहो, जेवायला या," आतून हाक आली.

"आलो," पंत म्हणाले. पानावर एक ओळ अजून शिल्लक होती. त्यांनी तिथे 'जेवणे' लिहिलं. हात चांगला चालत होता, म्हणून लगोलग खूणही केली. मग ते पानाकडे मान कलती करून पाहत बसले.

"कंद गार होतोय," सुशीलाबाई दारात येऊन म्हणाल्या. "येताय ना?"

विद्याधरपंतांनी पान वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग ते समाधानाने म्हणाले, "माझं झालंय की."

तात्पर्य : हातातलं काम वेळच्या वेळी करावं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. सांगणाऱ्यांना नीट माहिती नसते. विद्याधरपंतांनी दार वेळेवर उकरलं असतं, तर नुसतं दारच झालं असतं, आणि जुनी पानं आजही त्यांच्या उरावर असती. म्हणून प्रत्येक काम वणवा येईपर्यंत ठेवावं. त्याने काम लवकर होतं आणि मागचं साठलेलंही निघून जातं. वणवा वेळेवर यावा, म्हणून मात्र तो आधीच पानावर लिहून ठेवावा.