दहा मिनिटं पुढे

जहाजावरच्या पहिल्या रात्री वहिनींनी झोपलेल्या नवऱ्याच्या उशाजवळचं मनगटी घड्याळ उचललं, त्याच्या चावीवर बोट ठेवलं, जरा विचार केला आणि घड्याळ होतं तिथे ठेवून दिलं. अडतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

गल्लीतले सगळे त्यांना वहिनी म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला घड्याळजी. घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची चार हात जागा. लोक लग्नात मिळालेलं घड्याळ रुमालात गुंडाळून आणायचे आणि आजारी मूल डॉक्टरच्या हातात द्यावं तसं त्यांच्या हातात द्यायचे, त्या दिवसांपासूनचं ते दुकान. भिंतीवर दुरुस्तीला आलेली पंचवीस-तीस घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. मधोमध डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. गिऱ्हाइकाला ते एकच वाक्य सांगत, "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी ते सांगत नसत. वहिनींचं स्वतःचं घड्याळ त्या दुकानात अकरा वर्षं पडून होतं.

घड्याळजींच्या मनगटावरचं घड्याळ मात्र सेकंदाला पक्कं. घड्याळ बरोबर आणि माणूस उशिरा, असा तो प्रकार होता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वहिनींचं शाळेच्या सभागृहात गाणं होतं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी रुमाल टाकून अडवून ठेवली होती. घड्याळजी पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता.

"दहाच मिनिटं उशीर झाला," घड्याळजी म्हणाले.

"गाणं सहा मिनिटांचं होतं," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर वहिनी स्वयंपाकघराबाहेर कधी गायल्या नाहीत. आणि त्याच रात्रीपासून, नवरा झोपला की त्यांनी त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करायला सुरुवात केली.

घड्याळजींना ते दुसऱ्याच दिवशी कळलं. पण बोलायला तोंड नव्हतं, आणि चुकीचं घड्याळ हातावर बांधून दुकानात बसणं तर शक्यच नव्हतं. म्हणून रोज सकाळी, तोंडात दात घासायचा ब्रश धरून, ते काटे दहा मिनिटं मागे घेत. दुसऱ्या कुठल्या घड्याळाशी ताडून बघायची त्यांना गरज वाटत नसे. बायकोच्या दहा मिनिटांवर त्यांचा होता तितका विश्वास रेडिओवरही नव्हता. रात्री घड्याळ पुन्हा बरोबर सापडे, तेव्हा ते दुकानात बसून सवयीने लावत असतील असं वहिनी समजत. तर ती रात्री पुढे करी, हे सकाळी मागे करत, आणि दोघंही याबद्दल अवाक्षर न काढता सुखाने संसार करत होते.

आता दुकान बंद झालं होतं. मुलीने हट्टाने आईवडिलांना आठ दिवसांच्या सफरीवर धाडलं होतं. वहिनींच्या मनात आलं, इथे ना गिऱ्हाईक ना गुरुवार. करू दे बिचाऱ्याला सुखाने उशीर. म्हणून त्यांनी घड्याळाला हात लावला नाही.

सकाळी घड्याळजी उठले. ब्रश तोंडात धरला आणि काटे दहा मिनिटं मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांना नाश्त्याला गर्दी कमी वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेले तर पोऱ्ये टेबलं पुसत होते.

"ही माणसं लवकर आवरतात हल्ली," घड्याळजी म्हणाले.

"भिंतीवरच्या घड्याळात बघा की."

"सेलवर चालतं ते. त्याला घड्याळ म्हणत नाहीत."

वहिनींनी मान डोलावली. नवऱ्याच्या घड्याळाला आपण हात लावलेला नाही, म्हणजे ते बरोबरच असणार, हे त्यांच्याइतकं खात्रीने कोणाला ठाऊक होतं?

त्यांच्या टेबलावर दातांच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई बसायच्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला प्रवाशांचा गाण्याचा कार्यक्रम होता आणि त्याची यादी त्यांच्या हातात होती.

"तुम्ही गाता," त्या वहिनींना म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. "जबड्यावरून कळतं मला. नाव लिहिते."

वहिनी नाही म्हणणार होत्या. पण तेवढ्यात घड्याळजी म्हणाले, "लिहा. मी पहिल्या रांगेत बसतो."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "लिहा," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं. साडेपाचला सुटणार, पाचपर्यंत परत या, अशी ताकीद होती. वहिनी मनातल्या मनात गाणं घोळवत गावात हिंडल्या. फोन त्यांनी खोलीतच ठेवला होता, कारण त्यात सारखी मुलगी निघायची. घड्याळजी फोन वापरतच नसत.

चौकातल्या मनोऱ्यावर मोठं घड्याळ होतं. घड्याळजींनी वर बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि हसले. "बघ. चाळीस मिनिटं पुढे. सार्वजनिक घड्याळाला वाली नसतो."

"कोणाला तरी सांगा ना मग."

त्यांनी समोरच्या कागद-पेन्सिलवाल्या दुकानदाराला सांगितलं. दुकानदार म्हणाला, "आम्ही यावरच दुकान उघडतो."

"म्हणून तर," घड्याळजी म्हणाले आणि त्याला लंबकाबद्दल बरंच काही समजावून निघाले. त्यात गेलेली वेळ धरूनही त्यांच्या हिशेबाने सवड होती. टॅक्सीत बसले तेव्हा त्यांच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"जहाजावर?" टॅक्सीवाला म्हणाला. "काका, पाच वाजून गेलेत."

"तुझं घड्याळ कुठलं?"

"फोनमधलं."

"मग बोलू नकोस."

टॅक्सीवाला बोलला नाही, पण गाडी त्याने अशी हाणली की वहिनींचं गाणं दोनदा तुटलं. धक्क्यावर उतरले तेव्हा घड्याळजींच्या घड्याळात पाचला दहा कमी होती. शिडी उचललेली होती, दोर सुटले होते, आणि जहाज आणि धक्का यांच्यामध्ये एका बैलगाडीएवढं पाणी होतं.

"अहो, जातंय ते," वहिनी म्हणाल्या.

"जाऊच शकत नाही. पाच वाजायचेत."

जहाजाच्या खालच्या दारात पांढऱ्या कपड्यातला एक तरुण अधिकारी उभा होता. घड्याळजींनी त्याला मनगट दाखवलं. त्याने त्याचं दाखवलं. पाणी एका बैलगाडीचं दोन बैलगाड्या झालं.

"जहाज कोणासाठी थांबत नाही, आजी," तो ओरडला.

"नका थांबू," वहिनींनी तिथूनच सांगितलं. "पण ओरडू नकोस. आम्ही ठार बहिरे नाही."

वरच्या कठड्याशी डॉक्टरीणबाई यादीचा कागद हलवत उभ्या होत्या. लांबून तो निरोपाच्या रुमालासारखा दिसत होता. टॅक्सीवाल्याने आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, "मी म्हटलं होतं." वहिनींना पळून जहाज गाठण्याचं वय नव्हतं आणि रडायची इच्छा नव्हती. त्यांनी पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि बंदराच्या कचेरीत गेल्या.

काउंटरवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. "अरेरे," ती म्हणाली.

"अरेरे नको. पाणी असलं तर दे."

तिने पाणी दिलं आणि एक अर्ज काढला. रात्रीची खोली मिळेल, सकाळी सहाची बस, पुढच्या बंदरात जहाज दहाला येतं, तिथे चढा. "जहाज चुकण्याचं कारण? आजारपण, वाहतूक की इतर?"

"जहाज वेळेआधी सुटलं," घड्याळजी म्हणाले.

"तसा रकाना नाही, आजोबा."

घड्याळजींची नजर तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर गेली. तिथलं घड्याळ पावणेसहा दाखवत होतं, त्यांचं पाच वाजून पाच मिनिटं. ते खुर्चीवर चढले.

"आजोबा, उतरा. सरकारी आहे ते."

घड्याळजींनी ते काढलं, कानाला लावलं, मागचं झाकण उघडून आत बघितलं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं. मग मुलीने फोन पुढे केला. त्यातही पावणेसहा. घड्याळजी खुर्चीवरून उतरले आणि त्याच खुर्चीवर बसले. मनोरा चाळीस मिनिटं पुढे, कचेरी चाळीस मिनिटं पुढे. जहाजावरच्या चार सकाळी, दर सकाळी दहा.

"एक विचारू?" ते बायकोला म्हणाले.

"विचारा."

"जहाजावर चढल्यापासून तू माझ्या घड्याळाला हात लावलास?"

वहिनींना वाटलं, अडतीस वर्षांची चोरी नेमकी आज उघडी पडली. "नाही," त्या घाईने म्हणाल्या. "या खेपेला नाही."

"एकदाही नाही?"

"शपथेवर नाही. म्हटलं सुट्टी आहे, माणसाला जगू द्यावं."

घड्याळजींनी डोळे मिटले. "मग संपलंच."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. धंदाच तो आहे माझा."

"आणि तुम्ही रोज मागे करत होता?"

"तू रोज पुढे करायचीस म्हणून."

"आणि मी थांबले तरी..."

"मी कुठे थांबलो?"

"एका शब्दाने सांगायचं नाही?" वहिनी म्हणाल्या.

"तू सांगितलंस?"

मुलीची लेखणी केव्हाच थांबली होती. "म्हणजे जहाज तुमच्या दोघांच्या चांगुलपणाने चुकलं," ती म्हणाली. "कारण काय लिहू? इतरमध्ये तपशील लागतो. दोन ओळी आहेत."

"पुरणार नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तुला सुचेल ते लिही."

घड्याळजी चावी ओढून काटे पुढे करत होते. इतका वेळ त्यांना एक वेळ लावायला कधी लागला नव्हता. "तुझं गाणं गेलं," ते खाली मान घालून म्हणाले. "पुन्हा माझ्यामुळेच."

"किती वाजले?"

"सहाला पाच कमी."

"आता खात्रीने?"

"खात्रीने."

"मग गेलं कुठे? गाणं सातला आहे. मी सातला गाणार."

"कुठे?"

"इथे."

"कचेरी साडेसहाला बंद होते," मुलगी म्हणाली.

"मग धक्क्यावर. धक्का बंद होत नाही ना?"

पावणेसातला घड्याळजी धक्क्यावर हजर होते. जहाजाचे दोर बांधायचा लोखंडी खुंटा होता, त्यावर ते पहिली रांग धरून बसले. खुंटा थंड होता आणि बसायला वाईट होता. दर दोन मिनिटांनी ते घड्याळ बघत होते, पण उठले नाहीत. काउंटरवरची मुलगी कुलूप लावून आली. पहारेकरी आला. टॅक्सीवाला आपलं म्हणणं खरं ठरल्याचं ऐकायला परत आला होता, तोही थांबला.

सातला वहिनी उभ्या राहिल्या. जहाज लांब, दिवाळखोर दुकानातल्या एकुलत्या दिव्याएवढं दिसत होतं. त्यांनी त्याच्याकडे तोंड केलं आणि आईने शिकवलेलं, शाळेच्या सभागृहात गायलेलं तेच जुनं गाणं सुरू केलं. पहिली ओळ वाऱ्याने नेली. त्यांनी ती पुन्हा म्हटली, वाऱ्याला बजावल्यासारखी. मग आवाज लागला. तो काही विशीतला नव्हता. वरच्या सुराला जाताना तो जिना चढताना गुडघा धरावा तसा जरा थांबे, पण पोचत होता. भांडी, फोडणी आणि नळाच्या आवाजाच्या वरताण अडतीस वर्षं गायलेल्या बाईपुढे समुद्राचं काय चालणार?

संपल्यावर टॅक्सीवाल्याने टाळ्या वाजवल्या. घड्याळजींनी घड्याळात बघितलं.

"कसं झालं?" वहिनींनी विचारलं.

"सव्वासात मिनिटं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "तेव्हाही असंच होतं?"

"तेव्हा यायचं होतं ऐकायला."

"हो," घड्याळजी म्हणाले.

त्या रात्री नवरा झोपल्यावर वहिनींनी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. पहाटे घड्याळजींनी ब्रश तोंडात धरला, घड्याळ उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि तसंच हातावर बांधलं. बस सुटायच्या आधी दहा मिनिटं दोघं बसमध्ये होते. बस रिकामी होती, खिडकी हवी ती मिळाली.

पुढच्या बंदरात दहाला जहाज नव्हतं. सव्वादहालाही नव्हतं.

"तुझी दहा वजा केली तरी उशीर आहे," घड्याळजी म्हणाले.

"असू दे. आपल्याला कुठे जायचंय?"

पावणेअकराला जहाज आलं. शिडी खाली आली आणि तिच्या टोकाशी तोच पांढऱ्या कपड्यातला अधिकारी उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते.

"पंचेचाळीस मिनिटं," घड्याळजींनी त्याला मनगट दाखवलं. या खेपेला त्याने त्याचं दाखवलं नाही.

"रात्री समुद्र फार खवळला, आजोबा," तो म्हणाला. वहिनींनी अर्ज त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला. "जहाज चुकण्याचं कारण: घरगुती. म्हणजे काय?"

"तुझं कारण समुद्र," वहिनी म्हणाल्या. "आमचं आमच्या घरातलं आहे. आणि बाळा, जहाज कोणासाठी थांबत नाही, कबूल. आम्ही पाऊण तास थांबलो."

त्याने बाजूला होऊन वाट दिली. वहिनी शिडी चढल्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, अजिबात घाई न करता. मागे सामान चढवणाऱ्यांची रांग थांबली.

वर डॉक्टरीणबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "काल कार्यक्रमच झाला नाही हो," त्या म्हणाल्या. "सहापासून सगळं जहाज ओकारीच्या बादल्या घेऊन आडवं. आज सातला ठेवलाय. तुम्हाला घेऊ ना?"

"तुम्ही सगळे ऐकणार असाल तर गाईन की," वहिनी म्हणाल्या. "पण माझं गाणं कालच झालं. ठरलेल्या वेळेला."

"पहिल्या रांगेतून ऐकलं," घड्याळजी म्हणाले. मग बायकोकडे वळून हळूच, "घरी गेलो की तुझं घड्याळ आधी दुरुस्त करतो."

"कधी मिळेल?"

घड्याळजींच्या तोंडात सवयीने शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

"बुधवारी," ते म्हणाले.